बारदान वजा

सकाळी डोळे उघडले की मापाडीण आधी नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. अंगठा काढला की तिथे खळगा राहायचा. तो भरून यायला किती वेळ लागतो, ते ती मनातल्या मनात मोजायची. थंडी सुरू झाली तेव्हा पाच म्हणेपर्यंत कातडी वर येत होती. आज तिने बारापर्यंत मोजलं तरी खळगा तसाच.

"पुन्हा प्यायलात."

"नाही."

"मग हे काय, पायात दंव पडलं?"

मापाडी भिंतीला टेकून बसला होता. गेले तीन आठवडे तो असाच बसल्या बसल्या झोपत होता. आडवा झाला की छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. बोलताना दर चार शब्दांनी तो थांबायचा.

"बाटली तुझ्यासमोर आहे. खूण तुझी. पाणी तू मोजलंस. मी प्यायलो कुठून?"

बाटली सातशे मिलिलिटरची होती. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा दिला की कपभर पाणी बाटलीतून काढून ती दारातल्या झाडाला घालायची, डाळ पातळ झाली की वाटीभर. झाड चांगलं फोफावलं होतं आणि नवरा सुजत चालला होता. हिशोब कुठेतरी चुकत होता, आणि तिला चुकण्याची जागा एकच दिसत होती.

"तोंडानं नाही म्हणाल, पण पाय खोटं बोलतात का?"

"आणि काटा खोटा बोलतो?" तो म्हणाला. "दर वेळी दोन किलो जास्त भरतो, दोन किलो काढतात. कोरडं वजन चौपन्न. परत येतो तेव्हा चौपन्न. वहीत लिहिलंय."

काट्याच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची तिच्या घरात पद्धतच नव्हती. तीस वर्षं तो धान्याच्या यार्डात मापाडी होता. हजारो पोती त्याच्या काट्यावरून गेली. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांच्या बापावर विश्वास ठेवायचे नाहीत, पण त्याने आकडा पुकारला की दोघंही मान हलवायचे. मापात पाप करणारे खूप होते. त्यातला हा नव्हता. त्याच्यामुळे तिलाही सगळे मापाडीणच म्हणायचे. स्वतः ती यार्डात चाळण धरायची.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहराला जावं लागे, बसने सहा तास जायला आणि सहा यायला. परत येईपर्यंत माणूस निम्मा उरायचा. मग जवळच्या सरकारी दवाखान्यात, जुन्या चादरी-कपड्यांच्या खोलीत, तीन मशीन बसली. सकाळी तिघं, दुपारी तिघं. पैसे लागत नव्हते. अर्ध्या तासाचा टमटमचा रस्ता. त्या दिवशी मापाडी म्हणाला होता, "कोरडं वजन म्हणे! अगं, हे तर आपलंच काम. धान्याचा ओलावा काढतात, तसा माणसाचा काढायचा." त्याला ते सगळं एकदम पटलं होतं.

*

सोमवारी मोठे डॉक्टर आले. ते पंधरा दिवसांतून एकदाच यायचे. एरवी एक सिस्टर आणि एक मशीनवाला, असे दोघंच सगळा कारभार बघत. नातेवाईक बाहेर व्हरांड्यात बाकावर बसत. आत जायची परवानगी नव्हती. त्या दिवशी चार तास संपल्यावर डॉक्टरांनी सकाळच्या पाळीच्या तिन्ही पेशंटना घरच्यांसह व्हरांड्यात बसवलं.

तिघं म्हणजे मापाडी, शिवणकाम करणारी ताई आणि हॉर्न. हॉर्न हा रिटायर झालेला बस ड्रायव्हर. कानात कुजबुजला तरी चौकात ऐकू जायचं, म्हणून ते नाव. आता मात्र त्याचाही आवाज बसला होता.

"तिघांच्याही छातीत पाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "दुपारच्या पाळीतल्या एकालाही नाही. वही बघितली. वहीत तुम्ही तिघं अगदी कोरडे. म्हणजे सकाळच्या पाण्यात किंवा मशीनमध्ये दोष आहे. आज अर्धा किलो जास्त काढायला सांगितलं. गुरुवारचं डायलिसिस करू, आणि शुक्रवारपासून सकाळची पाळी बंद. मी वर पत्र लिहितो. तपासणी होईपर्यंत तुमची नावं शहरातल्या इस्पितळात देतो."

"किती दिवस?" मापाडणीने विचारलं.

"महिना धरा. जास्तही लागेल."

मग शिवणवाली ताई म्हणाली, "डॉक्टर, माझं मशीन इथे, तुमचं मशीन तिथे. मी कुठल्या मशीनवर बसू? आठ दिवसांत हातची गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात."

"शहराच्या रस्त्यावर मी तीस वर्षं गाडी चालवली," हॉर्न म्हणाला. "तिकडे नेलेले पेशंट परत येताना बघितलेत. काही सीटवर आले, काही टपावर."

"उगाच भलतंसलतं बोलू नका," सिस्टर म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

परतीच्या टमटममध्ये मापाडीण हिशोब करत होती. शहराचे सहा तास. या श्वासावर हा माणूस सहा तास बसणार कसा? एकदा बसला तर महिनाभर दर आठवड्याला दोनदा? मशीनमध्ये दोष असेल यावर तिचा विश्वास नव्हता. मशीनमध्ये दोष असता तर त्याच मशीनवरचे दुपारचेही सुजले नसते का? तिच्या मते दोष तहानेत होता. तिघंही चोरून पीत असणार. आजाऱ्यांची मुकी युती असते. गुरुवारपर्यंत आपल्याने तरी पिणं थांबवलं, सिस्टरकरवी डॉक्टरांना त्याचे पाय उतरल्याचं कळवलं, तर कदाचित पत्र थांबेल.

घरी आल्याबरोबर तिने पिण्याचा हंडा उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवला.

बुधवारी सकाळी मापाडीची जीभ टाळूला चिकटली. "नुसती चूळ भरू दे," तो म्हणाला. तिने अर्धा पेला पाणी दिलं आणि पुढ्यात वाडगा धरला. त्याने चूळ भरली, थोडा वेळ तोंडात धरली, टाकली. वाडग्यातलं पाणी तिने परत पेल्यात ओतून बघितलं. थोडं कमी होतं.

"तोंड ओलं झालं, तेवढं," तो म्हणाला.

ती पेल्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत होता. यार्डात कुणी त्याचं माप दुसऱ्या काट्यावर पडताळायला नेलं असतं तर त्याने काटाच बंद केला असता. इथे त्याने मान फिरवली आणि शाल तोंडावर ओढून घेतली.

ती चाळण घेऊन कामाला गेली. हंगाम होता, यार्डात पोत्यांच्या भिंती उभ्या होत्या. तोंडाला फडकं बांधून ती दिवसभर धान्य चाळत राहिली. भुसा पापण्यांवर बसला, खांदे भरून आले. पलीकडे नवा मापाडी, तिच्या नवऱ्याच्याच हाताखाली तयार झालेला, रिकाम्या पोत्याचं वजन कापून एका सुरात पुकारत होता: "एकावन्न दोनशे, बारदान वजा सातशे, पन्नास पाचशे! एकावन्न शंभर, बारदान वजा सातशे, पन्नास चारशे!" ती तो सूर ऐकत होती आणि तिला चूळ आठवत होती.

*

गुरुवारी मापाडीला टमटममधून उतरून दोन पायऱ्या चढवेनात. मशीनवाल्याने चाकाची खुर्ची आणली, पण ढकलायला माणूस नव्हता. "मावशी, तुम्हीच आणा आत," तो म्हणाला. "चपला बाहेर काढा फक्त."

अशी ती पहिल्यांदा त्या खोलीत गेली. तीन खाटा, तीन मशीन, औषधाचा वास, आणि दाराशेजारी वजनकाटा. काटा बघून तिला घरातलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. जुन्या पद्धतीचा, खाली लोखंडी फळी आणि वर आडवा दांडा, त्यावर सरकती वजनं.

"आकड्यांचा नवा काटा बंद पडला ना दीड महिन्यापूर्वी," सिस्टर म्हणाली. "हा कोठीतून काढला. मला काही केल्या तो दांडा थांबवता येईना. काकांनी एक टिचकी मारली आणि थांबला. तेव्हापासून आमच्या पाळीचं वजनखातं काकांकडे. दुपारचे पेशंट गरीब, तक्रार करत नाहीत, त्यांना मीच कशीबशी तोलते."

"मग! आमचा सरकारी मापाडी," हॉर्न म्हणाला. बोलून त्याला धाप लागली.

खुर्चीतून उठताना मापाडीने बायकोचा हात धरला, पण काट्याजवळ जाताच सोडला. पाठ ताठ झाली. आधी त्याने ताईला उभं केलं. मोठं वजन खाचेत बसवलं, छोटं एका बोटाने सरकवलं. दांड्याचं टोक मधोमध तरंगलं. त्याचे ओठ क्षणभर हलले.

"अठ्ठेचाळीस दोनशे," त्याने पुकारलं. सिस्टरने वहीत लिहिलं.

मापाडीण समोर उभी होती. काट्याच्या समोर उभं राहण्यात तिची हयात गेली होती. दांडा तिला लांबूनही वाचता येई. दोन्ही वजनं मिळून तिला एकोणपन्नास सातशे दिसले. आपलीच नजर अधू झाली असेल, असं तिला वाटलं.

मग हॉर्न चढला. दांडा त्र्याहत्तरवर थांबला. ओठ हलले. "सत्तर पाचशे."

शेवटी तो स्वतः चढला आणि हात लांब करून वजन सरकवलं. अठ्ठावन्न. ओठ हलले, आणि या वेळी ती जवळ होती म्हणून तिला ऐकू आलं. तो पुटपुटला, "बारदान वजा." मग मोठ्याने, "छप्पन."



सिस्टर पाकिटातून सुया काढत होती. मशीनवाला नळ्या जोडत होता. सिस्टरच्या कानात सांगणं सोपं होतं. पण मग ते सिस्टरच्या तोंडून डॉक्टरांकडे जाईल, डॉक्टरांकडून सगळीकडे, आणि तिचा नवरा खाटेवर पडून आपल्या मापाची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल. तीस वर्षांत कुणी त्याच्या आकड्याला बोट लावलं नव्हतं. ती त्याच्या खाटेपाशी गेली आणि उशी सारखी करायच्या निमित्ताने वाकली.

"अहो, बारदान किती धरता?"

"माझं दोन." त्याला प्रश्नाचं नवल वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. "स्वेटर, पँट, मफलर, शाल. यार्डातल्या काट्यावर तोलून बघितलंय मी. ताईचं दीड. हॉर्नचा कोट दांडगा, त्याचं अडीच. माणसाचं वजन म्हणजे माणसाचं. कपड्यांचं कशाला लावायचं? पोत्याचे पैसे कुणी धान्यात धरतं का?"

"नाही धरत," ती म्हणाली. "आणि कार्डावर ते चौपन्न लिहिलंय, ते कोणी तोललं?"

"सिस्टरनं. पहिल्या महिन्यात, नव्या काट्यावर."

"तेव्हा तुम्ही कपडे काढले होते?"

मापाडीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मशीनचा पंखा घरघरत होता. त्याची नजर तिच्यावरून काट्यावर गेली, काट्यावरून ताईच्या सुजलेल्या पावलांवर, तिथून हॉर्नच्या कोटावर. तो मनात बेरीज करत होता, हे तिला दिसत होतं. बेरीज जिथे संपली तिथे त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम खाली आलं.

"कार्डावरचं बारदानासकट," तो अगदी हळू म्हणाला, "आणि मी पुकारतोय बारदान वजा."

"हो."

"मग मधलं पाणी..."

"आत राहतंय."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने बाजूला केला, रागाने नव्हे. त्याला उठायचं होतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "सुया लावू नका. कुणालाच."

यार्डात एक रीत होती. माप चुकलं असं कळलं तर मापाड्याने काट्यावर हात ठेवून आधी चुकीचा आकडा सगळ्यांसमोर पुकारायचा, मग खरा. तीस वर्षांत त्याच्यावर ती वेळ आली नव्हती. दुसऱ्यांवर आलेली त्याने बघितली होती. तो भिंत धरत काट्यापर्यंत गेला, फळीवर हात टेकला, आणि धापांच्या मधून पुकारू लागला.

"ताई. अठ्ठेचाळीस दोनशे सांगितलं. चूक माप. एकोणपन्नास सातशे. हॉर्न. सत्तर पाचशे सांगितलं. चूक माप. त्र्याहत्तर. माझं छप्पन. चूक माप. अठ्ठावन्न." तो थांबला. "दीड महिना. दर वेळी. मी कपडे वजा करत होतो."

सिस्टरच्या हातातली वही खाली आली. कुणालाच पटकन काही कळलं नाही. सगळ्यात आधी कळलं ते हॉर्नला.

"म्हणजे माझ्या कोटाचं वजन," तो म्हणाला, "पाणी होऊन माझ्या छातीत बसलंय?"

"हो."

"अरे देवा! मग कोट तरी भिंतीला टांगायला सांगायचं होतं, मापाडी!" तो हसायला लागला आणि खोकल्यात बुडाला.

ताई हसली नाही. "काका, मी वीस दिवस खुर्चीत बसून झोपतेय," ती म्हणाली. "शिलाई मारताना डोळ्यांपुढे अंधार येतो. मला वाटलं, आता आपलं संपत आलं. भावाला कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवून ठेवलं मी."

मापाडी काट्याला धरून उभा राहिला.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मापाडणीला वाटलं, आता ही नवऱ्याचं नाव घेणार. सिस्टर म्हणाली, "सर, काटा त्यांच्या हातात मी दिला होता. बघायला हवं होतं ते मी." मग बराच वेळ ती "हो सर, हो सर" करत राहिली. शेवटी फोन ठेवून म्हणाली, "एका दिवसात सगळं काढायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. आज तीन तीन किलो, सावकाश, साडेचार तास. उद्या पुन्हा या तिघंही, राहिलेलं काढू. पत्र पाठवत नाहीत. पाळी चालू राहील. आणि मला पुढच्या खेपेला येऊन बोलणार आहेत म्हणाले." तिने डोळे पुसले. "बोलू देत."

*

मशीन सुरू झाली. लाल नळ्या हलक्याशा थरथरत राहिल्या. मापाडणीला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही. ती स्टुलावर बसून राहिली. मापाडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. सुयांचा हात मात्र तिच्या बाजूला होता. तिने त्याच्या कोपरावरच्या, डायलिसिससाठी ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेवर बोटं ठेवली. शीर गुणगुणत होती, पाठीवरून हात फिरवल्यावर मांजर गुरगुरतं तशी.

तासाभराने तो म्हणाला, "मी चोरून प्यायलो नव्हतो."

"माहीत आहे."

"माहीत नव्हतं तुला."

"नव्हतं," ती म्हणाली. "काल चूळ मोजली मी तुमची."

"मोजलीस."

"तुम्ही काटाच असा मारला, मला तुमच्याशिवाय कुणावर संशय घ्यायला जागाच ठेवली नाहीत."

त्याचा खांदा हलला. रडतोय की काय म्हणून ती वाकली, तर तो हसत होता. पण डोळे ओलेही होते. "पेल्यात ओतून बघितलंस," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली असतीस तर पहिल्या नंबरची मापाडी झाली असतीस."

तिसऱ्या तासानंतर त्याचे चार शब्दांचे सहा झाले, सहाचे दहा. चौथ्या तासाला त्याने मशीनवाल्याला खाटेचं डोकं खाली करायला सांगितलं. मशीनवाल्याने थोडं केलं. "आणखी," तो म्हणाला. खाट जवळजवळ सपाट झाली. तो आडवा पडून छताकडे बघत राहिला, छातीवरचं पोतं कुणी उचललं का ते तपासत असल्यासारखा. मग तोंड उघडं टाकून झोपला. मापाडणीने हात हलवला नाही. पलीकडे हॉर्नचा घोरण्याचा भोंगा चालू झाला होता. ताईनेही डोळे मिटले होते, पण निघताना तिने मापाडीकडे बघितलं नाही.

शुक्रवारी राहिलेलं पाणी काढलं आणि मापाडी कपड्यांसकट चौपन्नवर आला. गुरुवारी निघतानाचं आणि शुक्रवारचं वजन सिस्टरने केलं. मापाडी काट्याकडे पाठ करून बसायचा.

*

सोमवारी तो स्वतःच्या पायांनी दोन पायऱ्या चढला. बायकोला बरोबर आत यायला सांगितलं. का, ते बोलला नाही. आत जाऊन थेट खाटेवर बसला.

ताई काट्यावर उभी होती. सिस्टर दांड्याशी झटत होती. वजन सरकवलं की दांडा वर आपटायचा, मागे घेतलं की खाली.

"ताई, हलू नका हो."

"मी कुठे हलतेय? काटाच नाचतोय."

"थांबा, अजून एकदा."

"राहू दे सिस्टर," ताई म्हणाली. "काकांना बोलवा."

मापाडीने मान हलवली. "मी नाही आता. सिस्टरच बघतील."

"मग मी उतरत नाही."

"ताई, चूक माप दिलं मी तुला."

"दिलंत. आणि पुकारून परतही घेतलंत. आमच्या धंद्यात झंपर बिघडवला तर शिवणारे कापडालाच नावं ठेवतात, आपली चूक म्हणत नाहीत." ती फळीवर घट्ट उभी राहिली. "या लवकर. पाय दुखतात माझे."

"अहो, या की," हॉर्न दारातून ओरडला. त्याचा आवाज परत आला होता. बाहेरच्या व्हरांड्यातल्या दोघांनी वळून बघितलं. "मागे गाडी खोळंबलीय!"

मापाडी उठला. काट्यापाशी आला, हात स्वेटरला पुसले, एका बोटाने वजन सरकवलं. दांडा एकदा झुलला आणि थांबला. त्याचे ओठ हलले. खोलीत सगळे त्या ओठांकडे बघत होते. त्याने ते मिटून घेतले.

"सत्तेचाळीस शंभर," त्याने पुकारलं. "अंगावरच्या सगळ्यासकट."

"केसांतली पिन धरून?"

"पिन धरून."

सिस्टरने वाकून दांडा स्वतः बघितला आणि मगच लिहिलं. ताई उतरली. हॉर्नने कोट काढून भिंतीला टांगला होता. सिस्टरने तो परत घालायला लावला. त्याचंही वजन झालं.

मग मापाडी फळीवर चढला. पण वजनाला त्याने हात लावला नाही. दोन्ही हात अंगाशी ठेवून, समोर भिंतीकडे बघत तो नुसता उभा राहिला.

"तू बघ," तो बायकोला म्हणाला.

"मी?"

"दुसरं कोण?"

मापाडीण पुढे झाली. तीस वर्षं काट्याच्या समोर उभी राहिली होती, काट्याच्या मागे कधी नाही. तिने बोटं पदराला पुसून मोठं वजन खाचेत बसवलं. छोटं हळूहळू सरकवलं. दांडा उचलला, झुलला.

"घाई नको," तो म्हणाला. "आपोआप थांबू दे. अंगठा टेकवू नकोस. टोक मधोमध आलंय का बघ, डावीकडे जरा..."

"अहो, गप्प उभे राहा," मापाडीण म्हणाली. "पोत्यानं मध्ये बोलायचं नसतं."

दांडा थांबला. तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फडक्याआड जन्म गेलेल्या आवाजात जेवढं जमलं तेवढ्या मोठ्याने पुकारलं:

"पंचावन्न आठशे!"